कुंडीतली गुलाबी पाहुणी

पावसाळ्यात तुळशीच्या कुंडीत बदामाच्या आकाराची तीन-तीन पर्णदले मिरवणारे रोप आपोआप उगवते. त्याला गुलाबी फुले आली, तर ती आपली पिवळ्या फुलांची आंबुटी नव्हे, हे जाणावे. ही बहुधा ऑक्सॅलिस डेबिलिस. मूळची दक्षिण अमेरिकेची, आता आपल्याकडेही रुळलेली.

फुले नसताना काय करावे? माझ्या आईची दृष्टी अधू आहे. ती बोटांनी ओळखते. आंबुटी ओढली, की पेरापेराशी मुळे फुटलेली सरपटती दांडी हाती येते. या पाहुणीला जमिनीवर दांडी नसतेच. प्रत्येक पान थेट मातीतून उठते आणि खाली इवल्या कांद्यांचा झुबका लागतो. मायभूमीबाहेर तिला सहसा बी धरत नाही. हे कांदेच मातीबरोबर कुंडीकुंडीत पोहोचतात. ते वेचणे हा आईचा आवडता उद्योग. (बोटांना व्यायामही होतो.)

खरा प्रश्न स्वयंपाकघरातला. दोहोंच्या आंबटपणामागे ऑक्झॅलिक आम्ल असते. मूतखडा झालेल्यांनी वा मूत्रपिंडे दुबळी असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून यांतली एकही खाऊ नये. चटणी तर कच्चीच वाटतात. उकळून पाणी टाकण्याची सोयही तिथे नाही.

‘‘परकी वर्ज्य, हे समजले, पण आपलीही?’’ असे आईने डॉक्टरांना विचारले. त्यांनी मान हलवली. आता आंबुटी ती निवडते, चटणी आम्ही खातो, आणि ताटावर बसताना ती दरवेळी कुरकुरते.