माझ्या आवडत्या विज्ञानकथा : उद्याचा काळोख दाखवणाऱ्या

कहाणी सुफळ संपूर्ण व्हावी अशी आपल्याला लहानपणापासून सवय असते. म्हणूनच वर्गात मुलं मला विचारतात, "मॅडम, ज्या गोष्टीत सगळं वाईटच होतं ती कशाला वाचायची?" प्रश्न अगदी बरोबर आहे. तरीही मला अशाच गोष्टी फार आवडतात. उद्याचं जग बिघडलेलं दाखवणाऱ्या या कथांना 'डिस्टोपियन' कथा म्हणतात.

मराठीत या वाटेवर माझं बोट धरलं ते डॉ. जयंत नारळीकरांनी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. त्या नावाची आद्याक्षरं उलटी वाचा, म्हणजे गंमत कळेल!

त्यांची 'हिमप्रलय' ही माझी सर्वात आवडती कथा. एके सकाळी मुंबईत चक्क बर्फ पडतो. मुलांना आनंद होतो, पण तो बर्फ म्हणजे हिमयुगाची चाहूल असते. एका शास्त्रज्ञाने आधीच इशारा दिलेला असतो, पण तो कुणी मनावर घेतलेला नसतो. 'पुत्रवती' या कथेत 'मुलगाच हवा' हा हट्ट विज्ञानाच्या मदतीने पुरवला तर समाजाचं काय होईल, हे दिसतं. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वात आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. तो का करावा लागला, हे ती कथा वाचल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि 'वामन परत न आला' ही कादंबरी तर आज पुन्हा वाचावी अशीच आहे. माणसाने घडवलेलं यंत्र माणसापेक्षा हुशार झालं तर काय, हा तिचा प्रश्न आता आपल्या मोबाईलपर्यंत येऊन पोचला आहे.

इंग्रजीतली दोन पुस्तकंही मी मुलांना आवर्जून सुचवते. लोइस लोरी यांच्या 'द गिव्हर' (१९९३) मधल्या गावात भांडण नाही, भूक नाही, दुःख नाही. पण रंगही नाहीत! बारा वर्षांच्या जोनसला पहिल्यांदा लाल रंग दिसतो, तेव्हा आपण काय गमावलंय हे त्याला हळूहळू कळू लागतं. रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) मध्ये बंबवाले आग विझवत नाहीत, तर पुस्तकं जाळतात. मला त्यातली खरी भीती वेगळीच वाटते. तिथे लोकांनी वाचणं आधीच सोडून दिलेलं असतं. जाळपोळ नंतर सुरू होते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं काल्पनिक आहे, आपल्याला काय त्याचं?

मी डोंबिवलीत राहते. जानेवारी २०१४ मध्ये आमच्या एमआयडीसी भागात हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथलाच एक रस्ता गुलाबी झाला. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले, माणसं गेली, लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. हे कुठल्या कादंबरीत वाचलं असतं तर आपण म्हणालो असतो, "छे, लेखकाने जरा जास्तच केलंय!" प्रत्यक्षात आपण काय केलं? गुलाबी रस्त्याचे फोटो काढले, एकमेकांना पाठवले, दोन विनोद केले आणि ८.१२ ची लोकल पकडली. रात्री उग्र वास आला की आम्ही खिडकी लावून घेतो. नव्याने राहायला आलेला माणूस विचारतो, "कसला वास येतोय हो?" आणि जुना म्हणतो, "कुठे? मला तर नाही येत."

'मला तर नाही येत' हे वाक्य मला या सगळ्या पुस्तकांत भेटतं. 'द गिव्हर'मधल्या लोकांना रंग दिसत नाहीत, 'हिमप्रलय'मधल्या लोकांना इशारा ऐकू येत नाही. संकट एकदम येत नाही, आधी आपल्याला त्याची सवय होते. काळोख्या विज्ञानकथा ती सवय मोडतात. त्या भविष्य सांगत नाहीत. 'असंच चालू राहिलं तर?' एवढा एकच प्रश्न त्या विचारतात, आणि हा प्रश्न पडलेला मुलगा किंवा मुलगी पुढे गप्प बसत नाही.

म्हणून अशी पुस्तकं जरूर वाचा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आपल्यासाठी उघडं आहे. वाचून झाल्यावर वहीत एक पान लिहा : आपल्या गावात आज कोणती गोष्ट चुकीची असूनही आपल्याला नेहमीची वाटते? ती तशीच चालू राहिली, तर पन्नास वर्षांनी आपलं गाव कसं असेल? ते पान घरच्यांना वाचून दाखवा आणि विचारा, "तुम्हाला येतो का हो वास?"