निळ्या तोंडाची बाई

महिलादिनासाठी रंगवलेल्या त्या भिंतीसमोरून जाताना अजूनही माझं डोकं तापतं.

मी मांडवगण फराट्याची, चित्रकला शिकवते. आमच्याकडे भीमेच्या काठानं सगळा ऊस. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. विषय दिला होता 'स्त्रीशक्ती', म्हणून मी फडातली बाई घेतली. तिथं बसून स्केचेस केली. उजाडायच्या आधी पाचटात उभ्या बाईचं तोंड गोरं नसतं, सावळंही नसतं. ते निळं-जांभळं दिसतं, कडेला उसाच्या वाढ्यांची हिरवी झाक. तसंच रंगवलं. साडी तांबडी, आणि मोळी मुद्दाम दुप्पट मोठी.

भिंत आणि विषय देणारी मंडळी बघायला आली. "मॅडम, बाई आजारी वाटते. उजळ करा, जरा हसवा."

मी त्यांना बी. प्रभांबद्दल सांगितलं. नागपूरजवळच्या बेला गावची ही चित्रकार; लांबट मानेच्या, गप्प बसलेल्या कोळणी आणि खेड्यातल्या बाया काढायची, अख्खं चित्र एकाच रंगात बुडवून. १९५६ साली एअर इंडियानं तिची सहा चित्रं प्रत्येकी ८७.५० रुपयांना घेतली. तिच्या बाया दात दाखवून हसत नाहीत. मंडळींनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि गेली.

सकाळी पाहते तर पाट्या रंगवणाऱ्याकडून तोंड गुलाबी करून घेतलेलं! लाल ओठ, पांढरे दात, गालावर तीळसुद्धा. मान आणि हात मात्र निळेच. मला साधा फोन नाही. खाली माझं नाव तसंच. वर्गातली पोरं फिकट गुलाबी खडूला 'स्किन कलर' म्हणतात. त्या रंगाचं एकही पोर वर्गात नाही, तरी प्रत्येकाच्या चित्रातली आई त्याच खडूनं रंगते. हे त्यांना आपणच शिकवलंय, अशा भिंतींनी.

मग जिची स्केचेस केली होती ती बाई बाजाराला जाताना थांबली. मला वाटलं, माझ्या बाजूनं बोलेल.

"आता बरी दिसतीया," ती म्हणाली. "पर बाई, मोळी कशापायी ठिवली? चांगलं लुगडं नेसवून बसवायची व्हती मला."

टोळीच्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एकच 'कोयता'. तिची मजुरी वेगळी मांडत नाहीत. मग भिंतीवर तरी तिला बसू द्यायला हवं होतं, असं वाटतं. दुसऱ्या क्षणी वाटतं, नाही, ते निळं तोंडच खरं होतं आणि ते पुसायचा हक्क कुणाला नव्हता. दोन्ही वाटतं, रोज वाटतं.

पुढच्या वर्षी भिंत द्याल तेव्हा चित्र बदलायचं असेल तर चित्रकाराला बोलवा. आणि जिचं चित्र आहे, तिला आधी विचारा.