रविवारची आवणी

भाताचं रोप एकवीस दिवसांचं झालं की आवणीला येतं. पंचविशी गाठली की घाई करावी लागते. तिशी उलटली की तात्या म्हणायचे, "म्हातारं झालं ते, आता त्याला फुटवं कुठनं यायचं?" त्या वर्षी आमच्या रोपाचा सव्विसावा दिवस रविवारी आला आणि घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलेना.

आमची जमीन वडिवळ्यात, धरणाच्या खालच्या अंगाला. दोन एकर, पाच खाचरं. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. बाबा रेल्वेत होते, सगळी नोकरी लोणावळ्यात काढली आणि निवृत्तीच्या पैशांतून ही जमीन घेतली. शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. ते सिद्ध करायला गावाकडचा दीड एकर माळाचा सातबारा कामी आला. त्या माळावर आजोबांच्या हयातीत बाजरी सोडून काही पिकलं नव्हतं, आणि बाजरीही दरसाल नव्हे. तिकडे वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, इकडे लोणावळ्यात चार हजारांच्या वर. पहिल्या आषाढात बाबा ओटीवर बसून नुसते पावसाकडे बघत राहिले होते. आपल्याला एवढ्या पाण्याची शेती येत नाही, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळलं असावं.

शिकवलं ते शेजारच्या तात्यांनी. राब भाजून दाढ कशी करायची, चिखलणी कुठवर, बांधाला खेकड्यांनी पाडलेली भोकं कशी बुजवायची, सगळं. बियाणं इंद्रायणीचं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून निघालेला हा वाण १९८७ मध्ये आला आणि मावळात घरोघरी गेला. बाबांनी पुढे कृषी खात्याच्या माणसाकडून डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री पद्धत ऐकली आणि दोरीला खुणा बांधून आवणी करायचा हट्ट धरला. एकदा पंधरा, एकदा पंचवीस सेंटिमीटर, आणि चार चुडांच्या चौकोनात युरिया-डीएपीची एक गोळी, बोटभर खोल. बायका हसायच्या. "भाऊसाहेब, भात लावायचा का रांगोळी काढायची?" पण त्या साली भात वाढला, मग हसणं कमी झालं.

तात्या माळकरी. दाढ टाकली की ते देहूला पालखीत जाऊन मिळायचे आणि पंढरपूर करून परतायचे. त्या वर्षी एकादशी जुलैच्या पहिल्या आठवड्यातच झाली होती. आमच्या धरणातलं पाणी कुंडलीतून इंद्रायणीत आणि तिथून देहू-आळंदीला जातं. तात्या म्हणायचे, मी जातो त्याच्या आधी माझ्या गावचं पाणी पोचलेलं असतं. शेताचं काम गळ्याशी आलेलं असताना अडीच-तीन आठवडे घर सोडून जायचं, याला काय म्हणावं? मला तेव्हा तो निष्काळजीपणा वाटायचा. आईला नाही वाटायचा. "त्यांचा रविवार लांब असतो," एवढंच ती म्हणायची.

आईचा रविवार कडक. ती नर्स होती, गावात तिला सगळे शिष्टरबाई म्हणत. दवाखान्याची ड्यूटी असेल तर गोष्ट वेगळी, एरवी रविवारी सकाळी जीपने कामशेत, लोकलने लोणावळा, उपासना, आणि दुपारी परत. त्या दिवशी शेतात पाय ठेवायचा नाही.

वारीहून आल्यावर तात्यांनी इर्जिकीचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून आवणी करायचा, दिवस ठरवला तो रविवारच. पोरं तळेगावच्या कंपन्यांत लागलेली, त्यांना दुसरा दिवस नव्हता. "शिष्टरबाई, रोप काय आपल्या देवाचं ऐकनार न्हाई, अन् माझ्याबी न्हाई," ते म्हणाले.

बाबांनी पवित्र शास्त्र काढलं. शब्बाथाच्या दिवशी विहिरीत पडलेला बैल, शब्बाथालाच कणसं मोडून खाणारे शिष्य, सगळे पुरावे त्यांनी मांडले. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बैल पडला तर काढा. पण पडायचा दिवस आधीच ठरवून ठेवू नका." बाबांकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला गप्प बसवत नव्हतं. मी म्हटलं, तू चर्चला जा, आम्ही आवणी करतो.

ती गेली नाही. पहाटे साडेचारला उठून तिने चूल पेटवली.

तीस माणसांचं जेवण. वाटाण्याची उसळ, डाळ, तांदळाच्या भाकऱ्या, भात, वर गुळाची खीर. मी इरलं घेऊन खाचरात उतरले तेव्हा ती परातीवर वाकलेली होती, आणि दुपारी पाठ मोडून वर आले तेव्हाही तशीच. मधे तिने एकदा बाबांना सांगितलं की आज उपासना बुडाली, पण मी काम केलेलं नाही, नुसता स्वयंपाक केलाय. तिने हे अगदी सरळ मनाने सांगितलं. बाबांनीही मान डोलावली. चिखलात मूठभर रोप लावलं असतं तर रविवार मोडला असता. तीस माणसांना रांधून घातलं तर मोडला नाही. मला आठवतंय तसा आईने एकाही रविवारी विसावा घेतलेला नाही. उपासनेहून आली की पदर खोचून ती कांदा चिरायला बसायची आणि आम्ही विसाव्याचा दिवस पाळायचो.

हे मी तिला त्याच रात्री ऐकवलं, मोठ्या तावातावाने. तिने भांडी घासता घासता विचारलं, "पहिल्या वर्षीची इर्जिक आठवते?"

आठवत होती. पहिल्या वर्षी चार-पाच जण आपापली भाकरी फडक्यात बांधून आले होते. आमच्या घरचं खायचं नव्हतं त्यांना. कुणी बोललं नाही, आईही नाही. तात्या तेवढे पानावर बसले, गळ्यातली माळ सदऱ्यात न लपवता, आणि म्हणाले, शिष्टरबाई, आमटी अजून वाढा. पुढच्या वर्षी फडकी तीन झाली, मग एक. आणि या रविवारी एकही नव्हतं. सगळी तीस पानं तिने मोजून वाढली होती.

म्हणून मी गप्प बसले. तरी माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही.

माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, दुष्काळात तिथे पोचलेली पोर. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं शास्त्राचं भाषांतर १९२४ मध्ये, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी छापून निघालं. त्याची एक प्रत पणजीकडून आमच्याकडे आली. आई संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यातूनच वाचायची. मार्था आणि मरीयेची गोष्ट आली की तिचा आवाज कोरडा व्हायचा. एक बहीण प्रभूच्या पायाशी ऐकत बसलेली, दुसरी स्वयंपाकात गुंतलेली, आणि शाबासकी बसलेलीला. आई ती गोष्ट घाईने संपवून पुस्तक मिटायची. मग नारायण वामन टिळकांचं भजन. कधी तात्या ओटीवर असले तर टाळ घेऊन साथ द्यायचे. चाल त्यांच्या ओळखीची असायची. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळकच सांगत, हे बाबांनी त्यांना एकदा सांगितलं. तात्या म्हणाले, "मग पूल आमच्याकडचाच की."

त्या रविवारच्या भातातला एक कट्टा हंगामाच्या सणाला चर्चमध्ये गेला. तिथे उपासनेनंतर लिलाव होतो. बाबांनी आपलाच कट्टा चढी बोली लावून परत विकत आणला आणि आईकडून बोलणी खाल्ली.

आता बाबा नाहीत, तात्याही नाहीत. आजूबाजूच्या खाचरांत फार्महाऊसची कुंपणं आलीत. शेत मी आणि तात्यांचा मुलगा मिळून बघतो. आई ऐंशीच्या पुढे आहे, बाजेवरून पाऊस मोजते. परवा त्याने विचारलं, ताई, रविवारी आवणी धरू का? मी म्हटलं धर, मी दहाच्या आत उपासनेहून येते.

बाजेवरून आईने विचारलं, "जेवणाचं कोण बघतंय?"

"कामशेतहून वडापाव आणतोय," मी म्हटलं. "सगळ्यांना."

ती बराच वेळ काही बोलली नाही. पागोळ्यांकडे बघत होती.

"चहा तरी मी टाकते," ती म्हणाली.