महिन्याला एक किलो

“दीक्षित की दिवेकर?” वजन कमी करायला घेतलंय असं ऑफिसात कळलं की पहिला प्रश्न हाच. आपल्याकडे आहारालाही पक्ष लागतो. मी कुठल्याच पक्षात नव्हते. रक्ततपासणीत एचबीएवनसी ६.१ आलं होतं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४ किलो. डॉक्टर म्हणाले, “सात टक्के उतरवा. पाचेक किलो. वर्षभर घ्या.”

पाच किलोला वर्ष? ऑफिसात तर लोक महिन्यात आठ किलोच्या गोष्टी सांगत होते. डॉक्टरांनी समजावलं, हे सात टक्के त्यांच्या मनातले नाहीत. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांना एवढंच उद्दिष्ट दिलं होतं, सोबत आठवड्याला १५० मिनिटं चालणं. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी भरलं. “फक्त खाल्लेलं लिहून ठेवा,” एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ॲपवर ‘एक वाटी पोहे’ शोधले तर दर नोंदीत वेगळा आकडा. वाटी कुणाची, दाणे किती, वरून खोबरं घातलं की नाही, ॲपला काय ठाऊक! म्हणून सरळ मुलीची अर्धी उरलेली वही घेतली आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते. त्यांत पाचशेहून जास्त पदार्थ आहेत, पण ऊर्जा किलोज्यूलमध्ये. ४.१८ ने भागलं की कॅलरी मिळते. बँकेत हयात गेलेल्या बाईला एवढा भागाकार जड नाही.

पोळ्या करायला मावशी येतात. कणकेचा गोळा मी काट्यावर ठेवला तेव्हा त्यांचा चेहराच पडला. “ताई, पीठ जास्त लागतंय का?” कारण सांगितल्यावर मात्र त्या स्वतःच एकेक गोळा ठेवून बघायला लागल्या. पहिला ६२ ग्रॅम, शेवटचा ४०. परातीतली कणीक संपत आली की गोळे लहान होत जातात, हे इतकी वर्षं पोळ्या लाटून त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. ४५ ग्रॅमच्या गोळ्यात साधारण ३० ग्रॅम पीठ, म्हणजे शंभर कॅलरी. तेव्हा ‘दोनच पोळ्या खाल्ल्या’ म्हणणाऱ्याला मी हल्ली विचारते, कुठल्या दोन?

तेल मोजणं त्याहून कठीण. फोडणी पडते पातेल्यात, त्यातली आपल्या पानात किती आली कोण सांगणार? मग उलटा हिशोब केला. पाच लिटरचा डबा आम्हा चौघांना महिनाभर जायचा. म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम, जवळजवळ ३४० कॅलरी, आणि पानात दिसत काहीच नाही. नव्या डब्यावर मार्करने तारीख घातली, पळीच्या जागी चमचा आणला. आता डबा दीड महिना जातो. एवढ्यानेच माणशी शंभरावर कॅलरी वाचल्या, आणि सासूबाईंनी चवीबद्दल अवाक्षर काढलं नाही. अपवाद बटाट्याच्या काचऱ्यांचा. त्या तेलातच परतायच्या असतात, या त्यांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे.

चहातली साखर, ऑफिसातले वाढदिवसाचे सामोसे असं इकडचं तिकडचं आवरून रोजची तूट पडली सुमारे २५० कॅलरींची. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. भागून बघा. एकतीस दिवस लागतात, तेही रोज नीट जमलं तर. शिवाय वजन उतरतं तशी शरीराची गरजही कमी होते, त्यामुळे पुढचा किलो आणखी सावकाश. हे वहीत स्वतःच्या हाताने मांडल्यावर डॉक्टरांचं ‘वर्षभर’ मला पटलं. धीर धर, धीर धर असं सगळे सांगत होते. मला धीर आला तो या भागाकारामुळे.

काटा मात्र हा हिशोब पाळत नाही. एका लग्नात पंगतीला जेवले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वा किलो जास्त. एवढी चरबी चढायला गरजेपेक्षा साडेनऊ हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. मठ्ठा-जिलेबीला मी कितीही न्याय दिला असला तरी तेवढं शक्य नाही. ते पाणी असतं. पापड-लोणच्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं. भात आणि जिलेबीतली साखर यकृतात, स्नायूंत ग्लायकोजेन होऊन साठते, ती दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी घेऊन. पाळीच्या आधीचे दिवस तर विचारूच नका. महिन्याची सगळी कमाई अशी एका पंगतीच्या पाण्याखाली झाकली जाते. म्हणून मी रोज सकाळी वजन लिहायचे, पण बघायचे फक्त रविवारची सरासरी.

श्रावणात तीही हलेना. वही चाळली तर सोमवार ठळक दिसले: साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत पाचशेच्या वर कॅलरी. एकादशी दुप्पट खाशी, ही म्हण करणाऱ्यांना तक्त्यांची गरज पडली नव्हती. उपास मी सोडले नाहीत; भगर आणि ताक घेतलं, दाणे मोजून. काटा अडला होता त्या दिवसांत कंबर मात्र दोन सेंटिमीटरने उतरली. भारतीय बायकांना ८० च्या आत हवी म्हणतात. माझी अजून बरीच बाहेर आहे.

वर्षअखेरीला वजन भरलं ६९.४, एचबीएवनसी ५.८. पाच किलोही पुरते नाहीत. “काहीच फरक दिसत नाही गं,” असं मैत्रीण म्हणाली, आणि ते खरंही आहे. डॉक्टर मात्र रिपोर्ट बघून खूश झाले.

तुम्ही सुरुवात करणार असाल, तर मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि दोन काट्यांपैकी एकच घ्यायचा झाला, तर स्वयंपाकघरातला घ्या.