कूस

धर्माबादला लोक लाल मिरचीनं ओळखतात. उन्हाळ्यात बाजारात पाऊल टाकलं की नवखा माणूस ठसक्यानं बेजार होतो. रेल्वेनं एक स्टेशन पुढं गेलं की बासर, म्हणजे तेलंगण. आमच्या बाजारात भाव मराठीत होतो, तेलुगूतही होतो, आणि भांडण दोन्हीत. आमच्या घरी चार एकर मिरची असायची. देठ खुडायला वहिनीचा हात सगळ्यात चपळ. पण 1998 नंतर वहिनीनं मिरचीला हात लावणं सोडलं. मिरचीचा हात ताकानं धुवा, तेल चोळा, आग काही पुरती जात नाही, आणि तोच हात रात्री लेकरांच्या अंगाला लागायचा.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान, नात्यानं मोठी. तोंडावर मी तिला कायम 'तुम्ही' म्हणत आलो. लिहिताना मात्र एकेरीच येतंय, आईविषयी लिहिताना येतं तसं. 1986 ला लग्न होऊन आली, चौथी शिकलेली. 1988 ला मुलगी झाली, 1991 ला थोरला पोरगा, 1994 ला धाकटा.

थोरला पाच वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या पोटऱ्या भरलेल्या, टणक. येणारा-जाणारा म्हणायचा, "पैलवान होणार बघा." पैलवान सपाट अंगणात पडायचा. जमिनीवरून उठताना आधी हात टेकायचा, मग गुडघ्यावर हात, मग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राहायचा. टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत. ही सगळी त्या आजाराची खूण होती हे आम्हाला पुढं कळलं. तोवर वहिनीनं माहूरच्या रेणुकेला नवस बोलला, बासरला सरस्वतीपुढं बसवलं, कंधारच्या दर्ग्यात दोरा बांधला. एकानं तेल दिलं, एकानं भस्म दिलं, दोघांनीही पैसे मोजून घेतले. सोमवार, मंगळवार, शुक्रवार असे तीन उपास. तेव्हाची वहिनी देवाशी बाजारातल्यासारखं बोलायची. एवढं देते, एवढं दे.

1998 ला हैदराबादला निदान झालं. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच डॉक्टरचं नाव आहे ते. साडेतीन ते पाच हजार मुलग्यांत एखाद्याला होतो. स्नायू धडधाकट ठेवणारं एक प्रथिन अंगात तयारच होत नाही, म्हणून आधी पाय जातात, मग हात, शेवटी श्वास आणि काळीज. धाकट्याचंही रक्त घेतलं. त्यालाही तोच. तो चार वर्षांचा होता, दवाखान्याच्या व्हरांड्यात पळत होता.

डॉक्टरनं विचारलं, माहेरी कुणाला असं होतं का? वहिनीचा एक मामा पंधराव्या वर्षी गेला होता, त्याला लोक लकवा म्हणायचे. मग डॉक्टरनं कागदावर काढून दाखवलं. मी शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. बाईजवळ एक्स नावाचे दोन धागे असतात. एक खराब असला तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून बाई बहुतेक ठणठणीत दिसते. पोराला आईकडून एकच एक्स मिळतो. तो खराब आला तर झाकायला दुसरा नाही. दर खेपेला निम्मी शक्यता. मुलगी झाली तर तिच्यातही तो धागा येण्याची निम्मीच. यात आईनं काही केलेलं नसतं, हे डॉक्टरनं दोनदा सांगितलं.

पण गावात त्यातलं एकच वाक्य पोचलं, दोष आईकडून आला. माझी आई, म्हणजे वहिनीची सासू, वाईट नव्हती, पण तीही बोलून गेली. वहिनीनं त्या दिवसापासून देवघरात दिवा लावला नाही. कुणाशी भांडली नाही. दिवा तेवढा लावला नाही. आठ-नऊ महिने आईच लावायची.

2002 ला थोरल्याचं चालणं थांबलं. धाकट्याचं 2005 ला. या आजारात लेकराला झोपेत कूस बदलता येत नाही. तुम्ही-आम्ही रात्रभर किती वेळा वळतो ते आपल्याला कळत नसतं. त्यांना एका कुशीवर कळ लागली की हाक मारायची, "माय, वळव." दर दोन तासांनी. दोघांच्या हाका काही एका वेळी येत नाहीत. भाऊ दिवसभर वावरात राबून यायचा, तोही उठायचा, पण हाक वहिनीच्या नावानंच यायची.

सप्ताहात वहिनीला देवळात बसता येईना. कर्ण्यावरून कीर्तन घरात ऐकू यायचं. एका रात्री थोरला ऐकत पडला होता. महाराज सांगत होते, पांडुरंग अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे. पोरगं म्हणालं, "माय, त्याला बी चालता येत नसंल का गं?" वहिनी गप्प. पोरगं पुढं म्हणालं, "त्याच्या बी पोटऱ्या बघाव्या लागतील." आणि वहिनी हसली. कित्येक महिन्यांनी मी तिचं हसू ऐकलं, मी ओट्यावर होतो. दुसऱ्या दिवशी तिनं पोरांना आंघोळ घातली, त्याच बादलीतलं उरलेलं ऊन पाणी घेऊन देवघरातला पितळी विठोबा धुतला, दिवा लावला. उपास तिन्ही सोडले. म्हणाली, "भाऊजी, उपाशी पोटी पोरगं उचलत नाही." आमच्या आईला हे काही रुचलं नाही.

पुढं तिनं माझ्याकडून ज्ञानेश्वरी मागून घेतली, अर्थाची. रात्री दोन हाकांच्या मधल्या वेळात बोट ठेवून वाचायची. थोरला नववीपर्यंत घरीच शिकलेला, तो तिला अडलेला शब्द फोडून सांगायचा. जनाबाईवर तिचा फार जीव. आपल्याच गोदाकाठची, गंगाखेडची. जनाबाईबरोबर देव दळू लागायचा असं सांगतात. वहिनी म्हणायची, "माझ्याबरोबर रात्री उठतो, दिसत नाही एवढंच." मी विचारायचो, "पोरं बरी व्हावीत असं मागत नाही का आता?" ती म्हणायची, "मागते की. पण मागायला वेगळी बसत नाही."

थोरला 2010 ला गेला, एकोणिसाव्या वर्षी. झोपेतच. त्या रात्रीही दोन वाजता धाकट्याची हाक आली आणि ती उठली. मी याच्यावर जास्त लिहू शकत नाही.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी आली. पुतणीचं लग्न ठरवायचं होतं. पोरगी स्वतःच म्हणाली, माझी तपासणी करा. हैदराबादला केली. तिच्यातही तो खराब धागा निघाला. घरात तीन दिवस भांडण. भाऊ म्हणाला, कागद फाडा, पोरगी धडधाकट आहे, सांगायचं कुणाला? सोयरे म्हणाले, सांगाल तर जन्मभर घरात ठेवाल. वहिनी पोरीजवळ गेली, "तुझं काय म्हणणं?" पोरगी म्हणाली, "सांगा." मग वहिनी भावाला म्हणाली, "मी झाकून ठेवलं तर उद्या हिची सासू हिला तेच बोलंल जे मी ऐकलं. आणि तेव्हा ते खरं असंल."

दोन सोयरिकी चहा पिऊन उठून गेल्या. तिसऱ्या पाहुण्यांना वहिनीनं धाकट्याच्या बाजेजवळच बसवलं आणि सगळं सांगितलं. मुलाच्या आईनं महिनाभर मुदत मागितली, मुलगा स्वतः डॉक्टरला भेटून आला. 2012 ला लग्न झालं. मुलगा की मुलगी बघायला बंदी घालणारा 1994 चा जो कायदा आहे, त्यातच अशा आजारांसाठी नोंदणी झालेल्या केंद्रात गर्भाची तपासणी करायला मुभा आहे. पुतणीला पहिल्या खेपेला ती करावी लागली. पोटातलं लेकरू निरोगी होतं. आज ते पोरगं सायकल हाणतं.

धाकटा 2015 ला गेला. 2016 ला अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा आला, त्यातल्या 21 प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आलं. 2021 ला केंद्रानं दुर्मीळ आजारांचं धोरण काढलं, त्यात मुंबईचं केईएम आहे, हैदराबादचं निम्स आहे. कागद चांगला आहे. पण आमच्याकडल्या बाईला पहिल्या पडण्यापासून तिथवर पोचायला आजही वर्षं लागतात, हे मी बघतो.

पोरं गेल्यावर सगळे म्हणाले, आता पंढरपूरला जा, मोकळी झालीस. 'मोकळी' हा शब्द तिला लागला. गेली ती एकदा, पण लगेच परतली. नदीकाठच्या एका गावात तसलंच एक लेकरू असल्याचं तिच्या कानावर आलं होतं. धाकट्याची चाकाची खुर्ची ऑटोत घालून मी आणि वहिनी तिथं गेलो. दहा वर्षांचं पोरगं, त्याची आई पंचविशी-तिशीतली, डोळे सुजलेले, गळ्यात चार दोरे. तिनं वहिनीचे पाय धरले आणि विचारलं, "माय, मी कोणत्या देवाला जाऊ?"

वहिनी म्हणाली, "ते सांगते. आधी उशी आण अजून एक, याची पाठ दुखायलीय."

दोघींनी मिळून त्याला डाव्या कुशीवर घेतलं. गुडघ्यांच्या मधी उशी कशी ठेवायची, खांद्याखाली हात कुठं घालायचा, ते वहिनी दाखवत होती. मी ऑटोवाल्याला थांब म्हणायला बाहेर आलो. तो म्हणाला, अजून किती वेळ? मी म्हणालो, लागंल.