पाण्यावरची चाकोरी

दोन स्पर्धकांनी एका रेषेवरून एकाच वेळी सुटावे आणि जो शेवटच्या रेषेला आधी शिवेल त्याने जिंकावे, एवढ्या एका वाक्यात जोडीच्या शर्यतीची व्याख्या संपते. मात्र ही शर्यत मातीऐवजी पाण्यावर आणि बैलांऐवजी विजेवर पळणाऱ्या फळीने खेळायची ठरली, की ‘सुटणे’, ‘शिवणे’ आणि ‘आधी’ या तीनही शब्दांचा अर्थ नव्याने ठरवावा लागतो. ई-फॉइल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साधनात माणूस उभा राहील एवढी फळी, तिच्या पोटाखाली पाऊण मीटरच्या आसपास लांबीचा उभा दांडा, त्याच्या टोकाला विमानासारखे दोन पंख, पुढचा मोठा आणि मागचा छोटा, आणि त्यांच्याजवळ फिरणारा विजेचा प्रोपेलर अशी रचना असते. लिथियम-आयन बॅटरी फळीच्या पोटात बसते आणि वेग स्वाराच्या हातातील बिनतारी खटक्याने कमी-जास्त होतो. पंखाचा उचलण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्यामुळे एका ठरावीक वेगानंतर फळी पाणी सोडून वर येते, पाण्यात केवळ दांडा आणि पंख उरतात, आणि पाण्याचा रोध एकदम घटतो. तत्त्व मुळीच नवे नाही. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘एचडी-४’ या जलपंखी नौकेने ९ सप्टेंबर १९१९ रोजी कॅनडातील एका सरोवरावर ताशी सुमारे ११४ किलोमीटरचा वेग गाठला होता. आजची बहुतेक ई-फॉइल त्याच्या निम्म्या वेगालाही पोहोचत नाहीत. नवी आहे ती एवढी लहान, एवढी ताकदवान बॅटरी.

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या तालुक्यांच्या संदर्भात हा विषय मांडण्याचे कारण दुहेरी आहे. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी अशी डोंगरांच्या कुशीतील जलाशयांची एवढी दाटी पुणे जिल्ह्यात क्वचितच आढळते, आणि त्यांपैकी भाटघर एकटेच साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी साठवते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे: शर्यत जोडीने पळवावी की एकट्याने घड्याळाशी, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे याच जिल्ह्याने बैलांच्या बाबतीत फार पूर्वी देऊन ठेवली आहेत. जुन्नर, आंबेगाव, खेड या उत्तरेकडील भागात बैलगाडा चढाच्या घाटात एकटा पळतो आणि त्याची बारी सेकंदांत मोजली जाते. दक्षिणेकडे, साताऱ्याच्या बाजूला, सपाट माळावर आखलेल्या चाकोऱ्यांतून अनेक गाड्या एकदम सुटतात, गटातून उपांत्य आणि उपांत्यमधून अंतिम फेरी अशी निवड होते, आणि चाकोरी सोडणारी गाडी कितीही पुढे असली तरी बाद ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा शर्यतविषयक कायदा वैध ठरवल्यानंतर या दोन्ही परंपरा कायद्याच्या चौकटीत पुन्हा उभ्या राहिल्या आहेत.

पाण्यावरील जोडीच्या शर्यतीचे सर्वांत विकसित नियम शिडाच्या नौकांचे आहेत आणि ई-फॉइलसाठी तेच उचलावेत असे सहज सुचते. ती सूचना मुळातच चुकीची आहे. शिडाच्या नौकानयनात वाट कोणी द्यायची हे वारा ठरवतो: ज्या नौकेवर वारा डाव्या बाजूने येतो तिने उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या नौकेला वाट द्यावी, आणि दोघींवर वारा एकाच बाजूने येत असेल तर वाऱ्याकडच्या नौकेने पलीकडच्या नौकेपासून दूर राहावे. दोन नौकांच्या सामन्यात तर डावपेचांचा सारा खेळ याच नियमांवर उभा असतो. प्रतिस्पर्ध्याला चूक करायला भाग पाडून पंचांकडून दंड मिळवणे हे तेथे कौशल्य मानले जाते. ई-फॉइलला मात्र वाऱ्याचे काहीच देणे-घेणे नसल्यामुळे या नियमांचा पायाच नाहीसा होतो. मग उरतो तो यांत्रिक नौकांच्या वाहतुकीचा नियम, म्हणजे आडव्या येणाऱ्या दोन नौकांपैकी जिच्या उजव्या हाताला दुसरी असेल तिने थांबावे किंवा वळावे. परंतु तो नियम टक्कर टाळण्यासाठी लिहिलेला आहे, जिंकण्यासाठी नव्हे, आणि ताशी चाळीस किलोमीटर वेगाने, धारदार पंख पाण्याखाली घेऊन धावणाऱ्या दोन स्वारांना तो आठवण्याइतकी उसंत मिळत नाही. म्हणून प्रस्तुत लेखाचा आग्रह असा की वाट देण्याचा प्रश्न नियमाने सोडवू नये, आखणीनेच मिटवावा: माळावरची चाकोरी पाण्यावर आणावी.

ही आखणी म्हणजे एकमेकांना समांतर दोन पट्टे, मध्ये कोणीही न शिरण्याची मोकळी जागा, प्रत्येक पट्ट्यात नागमोडी जाण्यासाठी सारख्या अंतरावर तरंगत्या खुणा आणि टोकाला परत फिरण्याची एक मोठी खूण. मधली जागा केवळ टक्कर टाळण्यासाठी नसते. पुढे गेलेल्या फळीच्या पंखांच्या टोकांशी पाण्यात भोवरे तयार होतात, प्रोपेलरचा झोत मागे सुटतो, आणि अशा ढवळलेल्या पाण्यात मागच्याच्या पंखाची उचल क्षणभर बिघडते. परतीचे वळण दोघांनी बाहेरच्या अंगाला घ्यावे, म्हणजे डाव्या पट्ट्यातील स्वाराने डावीकडे आणि उजव्यातील स्वाराने उजवीकडे, हे सुरक्षिततेच्या दृष्टीने उघड आहे. पण येथेच एक सूक्ष्म अन्याय शिरतो. स्वार फळीवर आडवा उभा राहतो, कोणाचा डावा पाय पुढे असतो तर कोणाचा उजवा, आणि त्यामुळे एका बाजूचे वळण पायाच्या बोटांवर भार देऊन, छाती वळणाच्या आत ठेवून घेता येते, तर दुसऱ्या बाजूचे टाचांवर भार देऊन, पाठ आत करून घ्यावे लागते. टाचेवरचे वळण बहुतेकांना अवघड जाते. बैलालाही जुवाच्या एकाच अंगाची सवय असते आणि ते जाणणारा मालक त्याला भलत्या अंगाला जुंपत नाही. फळीच्या शर्यतीत मात्र दोन्ही अंगांची परीक्षा झालीच पाहिजे. त्यामुळे एका लढतीत दोन धावा, आणि दुसऱ्या धावेत पट्ट्यांची अदलाबदल, हा या शर्यतीचा कणा मानावा लागेल. बर्फावरील समांतर स्कीइंगमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. दोन्ही धावांत एकेक विजय मिळाला तर एकूण वेळ कमी तो विजयी, असे धरले की तिसऱ्या धावेची गरज उरत नाही.

सुरुवातीचा प्रश्न वादाचा आहे. एक पक्ष म्हणतो की दोघांनी आधीच उडत येऊन रेषा ओलांडावी. दुसरा म्हणतो की दोघांनी फळीवर पालथे पडून, स्थिर पाण्यावर, झेंड्याची वाट पाहावी. पहिला प्रकार प्रेक्षकांना भावतो, पण त्यात रेषेआधीची घाई आणि तिच्यावरचे तंटे अटळ असतात. दुसऱ्या प्रकारात खटका दाबणे, गुडघ्यावर येणे, उभे राहणे आणि भार मागे नेऊन फळी उचलणे ही साखळी स्पर्धेचाच भाग बनते, आणि मोठ्या पंखाची फळी आधी उचलते पण नंतर मंद पडते, तर छोट्या पंखाची उशिरा उचलते पण पुढे झपाट्याने जाते, या निवडीला अर्थ येतो. पालथी सुरुवातच योग्य.

पडण्यासाठी वेगळा दंड नको. पडलेला स्वार पुन्हा फळीवर चढून उडेपर्यंत जो वेळ जातो तोच पुरेसा दंड असतो. शेवटची रेषा मात्र स्वारासह ओलांडलेली असावी. स्वार पाण्यात आणि फळी पुढे गेलेली, असे दृश्य विजय म्हणून मान्य होऊ नये. खटका सुटताच प्रोपेलर थांबणे, शिरस्त्राण, आघात सोसणारे तरंगते जाकीट आणि प्रोपेलरभोवती कडे या चार गोष्टींवाचून कोणाला रेषेवर उभे करू नये, याबाबत चर्चेला जागा नाही.

बॅटरीचा हिशेब अनेकांना फसवतो. एक किलोमीटरची धाव ताशी छत्तीस किलोमीटरने शंभर सेकंदांत होते, आणि चार किलोवॉट वापर धरला तरी तिला साधारण ०.११ युनिट वीज लागते. दीड-दोन युनिटांच्या बॅटरीला हे किरकोळ आहे. पण बॅटरी उतरत जाते तसा तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, घटतो आणि त्याबरोबर मोटरचा कमाल वेगही. म्हणून प्रश्न वीज पुरण्याचा नाही, दोघांची भरण सारखी असण्याचा आहे. प्रत्येक लढतीपूर्वी पूर्ण भरलेल्या, आयोजकांनी मोहोरबंद केलेल्या बॅटऱ्या चिठ्ठ्या टाकून वाटणे हाच त्यावर उपाय.

सोळा स्वार असतील तर प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायला १२० लढती लागतात, बाद पद्धतीत केवळ १५. एक दिवसाच्या मेळ्याला दुसरीच झेपते. आधी एकेकट्याची घड्याळी धाव घेऊन क्रम लावावा आणि पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी घालावी. म्हणजे घाटातील बारी आणि माळावरची चाकोरी, दोन्ही एकाच दिवशी.

राहता राहिले पाणी. पानशेत आणि वरसगाव पुणे शहराची तहान भागवतात, भाटघर नीरेच्या कालव्यांना पाणी पुरवते. तेल न गळणारी, आवाज न करणारी फळी तेथे पेट्रोलच्या बोटीपेक्षा नक्कीच कमी उपद्रवी ठरेल, तरीही जलसंपदा विभागाची परवानगी आणि मासेमारीची जाळी कोठे लावली जातात याची काठच्या गावांकडून माहिती घेतल्याखेरीज एकही खूण टाकू नये. धरणांचे पाणी स्थिर नसते. दांड्याखाली मोकळी खोली हवी म्हणून पट्ट्यात सर्वत्र किमान दीड मीटर पाणी असावे लागते, आणि दिवाळीच्या सुमारास तुडुंब असलेला जलाशय उन्हाळ्यात बुडालेल्या वाड्यांचे बांध, खोडे आणि भिंती उघड्या करतो. भाटघरच्या पोटातील कांबरे येथील कांबरेश्वराचे मंदिर वर्षातील बहुतेक काळ पाण्याखाली असते आणि ऐन उन्हाळ्यात वर येते. आखणी करणाऱ्यांनी त्या काळात काठावरून जलाशयाचा तळ पाहून, बांध आणि खोडे टिपून घ्यावीत आणि पाणी भरल्यावर त्याच टिपणावरून खुणा टाकाव्यात.