सुईचे भय

"काही दुखणार नाही, बाळ, मुंगी चावल्यासारखे वाटेल!" वडील माणसांच्या शब्दावरील आमचा विश्वास प्रथम ढळला तो या वाक्याने. पावसाळ्याचे दिवस होते व आम्ही तापाने फणफणलो होतो. दवाखान्यात आईस बाहेर बसविण्यात आले, दोघांनी आमचे हातपाय घट्ट धरले आणि सुई टोचली गेली. वेदना क्षणाचीच होती. परंतु फसविले गेल्याचे शल्य कित्येक वर्षे राहिले. पुढे पांढरा कोट दिसताच आम्ही पलंगाखाली दडत असू.

हे भय केवळ बालकांचेच असते असे नाही. १९८२ साली चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आदिवासी बांधवांस, "आपण दवाखान्यात का येत नाही?" असे विचारले. पांढरे वस्त्र तर आम्ही प्रेतास गुंडाळतो, आणि तेथे आप्तांस रोग्याजवळ राहू देत नाहीत, अशा आशयाचे उत्तर मिळाले. म्हणून शोधग्राम येथील दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधण्यात आला. भयास हसू नये, त्याचे कारण विचारावे, हा बोध आम्ही त्यातून घेतला.

बालकांविषयीही हाच न्याय लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले की, लस टोचताना मुलास आईने जवळ धरावे. तान्हे असल्यास शक्यतो त्याच वेळी अंगावर पाजावे. अनेक लसी असल्यास अधिक दुखणारी शेवटी द्यावी. लहानग्यांचे मन दुसरीकडे गुंतवावे. आणि खोटा दिलासा कधीही देऊ नये.

गतवर्षी आमच्या पुतणीस पाचव्या वर्षाची लस टोचावयाची होती. आम्ही तिला स्पष्ट सांगितले, "थोडे दुखेल, पण आई तुला मांडीवर घेऊन बसेल." हाती कागदी भिरभिरे दिले व त्यावर फुंकर घालावयास सांगितले. ती रडली खरी, परंतु डोळे पुसून म्हणाली, "काका, तुम्ही सांगितले तेवढेच दुखले!"

यंदा पावसाळ्यात हिवतापाच्या तपासणीकरिता आशाताई घरी आल्या, तेव्हा तिने आपले बोट आपणहून पुढे केले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या धाकट्या भावंडांस दवाखान्यात नेताना एवढे अवश्य स्मरावे: सुईची वेदना विसरली जाते, असत्याची विसरत नाही.